निळ्या गोळ्यावरचा रुमाल

१

फाटकाला हात लावायच्या आधीच मला कळलं, की मालकीणबाई गेल्या.

गुलाबांच्या वाफ्यात, पुरुषभर उंचीच्या खांबावर त्यांचा निळा काचेचा गोळा होता. त्यावर काळा रुमाल पडला होता. आमच्या ओबरशाख्टन गावात हे पाहिलं की कोणी विचारत नसे, काय झालं म्हणून. टोपी काढायची आणि आवाज खाली आणायचा. घरात मरण झालं की आतला आरसा झाकायचा, घड्याळ थांबवायचं आणि बागेतला गोळा झाकायचा. नाहीतर निघालेला जीव गोळ्यातल्या बागेलाच खरी बाग समजतो आणि तिथेच अडकून बसतो, असं आमची जुनी माणसं सांगत.

गावात बहुतेक घरांपुढे असा गोळा असे. काचभट्टीतला कारागीर पाळी संपली की उरलेल्या काचेतून आपल्या बायकोसाठी तो फुंकायचा, आतून चांदीचं पाणी फिरवायचा. वाईट नजरेचा माणूस आला तर त्याला आपलंच फुगलेलं थोबाड दिसतं आणि तो मागे फिरतो, असं म्हणत. पाखरं लाल मण्यांसारख्या फळांच्या झुडपांवर बसत नाहीत, असंही म्हणत. आणि घरधनीण खिडकीतून न उठता पाहू शके, फाटकाशी कोण आलंय. मला वाटतं, बायकांना तो हवा असायचा तो या शेवटच्या कारणासाठी.

साल एकोणीसशे छप्पन्न. ख्रिस्तदेहाच्या सणाचा गुरुवार. मी बावीस वर्षांची होते आणि फिलोमेना काप्फहामरबाईंकडे चार वर्षं कामाला होते. पावणेनऊला मी त्यांना कॉफी दिली, उशी नीट केली, हृदयाच्या थेंबांची बाटली उशाच्या तिवईवर ठेवली आणि मिरवणुकीला गेले. निघताना मागे वळून पाहिलं तर गोळा उन्हात लखलखत होता. आता अकरा वाजले होते.

मी पळत आत गेले. बाई खिडकीशी लावलेल्या पलंगावर आडव्या होत्या. डोळे उघडे. उजवा हात तिवईकडे ताणलेला, बोटं पसरलेली. तिवईवर पाण्याचा पेला होता. बाटली नव्हती.

मी ओरडले, "कोण आहे? कोणी झाकला गोळा?"

कोणीच नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं, आणि समोरच्या उघड्या आरशात माझंच तोंड मला दिसत होतं.

२

बाटली साडेबाराला सापडली. माझ्या पेटीत, लोकरी मोज्यांच्या खाली.

पोलीस स्ट्राउबने ती दोन बोटांत धरून वर काढली. अर्धी भरलेली होती. सकाळी मिरवणुकीत पाद्रीबाबांच्या डोक्यावरच्या छत्राची पुढची काठी त्याच्याच खांद्यावर होती, आणि त्याच सणाच्या कोटात तो आता माझ्यापुढे उभा होता.

"अफ्रा, हे काय?"

"मला माहीत नाही."

"पेटी तुझी, मोजे तुझे. आणि बाटली माहीत नाही?"

डॉक्टर हात धूत म्हणाले, "झटका आला असणार. चार थेंब जिभेवर पडले असते तर बाई रविवारी तुम्हाला शिव्या देत बसल्या असत्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मालकीणबाईंचा भाचा कोर्बिनियन दाराला टेकून उभा होता. हा भट्टीवरचा मुकादम. भारी देखणा माणूस होता आणि बोलायचा हळू. "आत्या हिला काढणार होती," तो म्हणाला. "परवाच म्हणाली मला. पोरगी वरचढ झालीय म्हणून. मला वाटलं नव्हतं ही या थराला जाईल."

"खोटं आहे!" मी म्हणाले. "बाईंनी मला शरदात नवा कोट शिवून द्यायचं कबूल केलं होतं!"

"मेलेल्या माणसाने कबूल केलेलं कोण सांगणार?" तो म्हणाला.

स्ट्राउबने तालुक्याला फोन केला. गाडी पाच वाजता येणार होती. "दोन कपडे घे बरोबर," तो मला म्हणाला. "आणि जाड घे. तिथल्या खोल्या गार असतात."

मी म्हणाले, "आणि गोळा? गोळा कोणी झाकला?"

"एक फडकं गं ते. पाखरांसाठी टाकलं असेल कोणी."

"फडकं?" दारातून आवाज आला. "स्ट्राउब, तू या गावात जन्मलास की चंद्रावर?"

बुर्गामावशी आली होती, हातात साबणाची आणि कापडाची टोपली घेऊन. नोटबुर्गा पेशाइडल. गावातली प्रत्येक बाळंतीण तिने सोडवलेली आणि प्रत्येक मयत तिने धुतलेलं. सत्तरीला आलेली, ठेंगणी, आणि एका कानाने बहिरी. तो कान ती सोयीनुसार बदलायची.

"मावशी, हे पोलिसाचं काम आहे," स्ट्राउब म्हणाला.

"असू दे की. तुला पाय धरून बाहेर ओढलं ते पण माझंच काम होतं. डोकं नंतर आलं, त्याचा परिणाम दिसतोय." तिने टोपली खाली ठेवली. "मयत धुवून होईपर्यंत या घरातलं कोणी हलणार नाही. ही रीत आहे. आणि मला आज वेळ लागेल."

३

तिने मयताला हात लावला नाही. आधी खोलीत उभी राहून तिने आरशाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"हे तू चालू केलंस?"

"नाही मावशी. चालूच होतं. आरसाही उघडाच होता."

"अस्सं." ती मला घेऊन बागेत गेली. स्ट्राउब पायरीवर बसून आमच्यावर लक्ष ठेवत होता.

रुमाल साधा काळा रेशमी होता, चर्चला जाताना आमच्या बायका डोक्याला बांधत तसला. गावात दीडशे तरी असतील. बुर्गामावशीने त्याला हात न लावता खालून मान उंचावून पाहिलं. रुमालाची टोकं एकमेकांत अडकवून गुलाबाच्या दोन काट्यांनी टाचली होती.

"गाठ नाही," ती म्हणाली.

मरणाच्या घरात दफन होईपर्यंत आम्ही गाठ मारत नसू. बुटांच्या नाड्यासुद्धा आत खोचून ठेवत. गाठीत जीव गुंततो म्हणे.

"म्हणजे आपल्यातलंच कोणीतरी," मी म्हणाले.

"आणि खाली बघ."

खांबापाशी, ओल्या मातीत, लाकडी तळाच्या बुटांचे दोन ठसे होते. चवडे गोळ्याकडे, टाचा घराकडे. वाफ्यातल्या त्या तेवढ्याच तुकड्यावर कधी काही उगवत नसे. मी दर वसंतात तिथे झेंडू लावायची आणि दर उन्हाळ्यात ती जागा टणक होऊन जायची. मी शेजारच्या मांजराला दोष द्यायची.

"मांजराचे पाय मोठे दिसतात," बुर्गामावशी म्हणाली. मग तिने एकदम विचारलं, "सकाळी विहिरीपाशी पाद्रीबाबांनी डोळे मिटले होते का गं?"

मी आठवू लागले. मिरवणूक विहिरीपाशी वळली की चढावरच्या आमच्या गोळ्याची तिरीप थेट समोरच्यांच्या डोळ्यांवर येई. दर वर्षी पाद्रीबाबा तिथे डोळे मिटत, आणि नवख्या लोकांना ते प्रार्थनेत बुडाल्यासारखे वाटत.

"नाही," मी म्हणाले. "या वर्षी सरळ पाहत गेले. ठेच पण लागली नाही."

"तेव्हा दहा वाजले होते. बँडने तिसरं भजन घेतलं होतं." तिने हात झटकले. "म्हणजे दहाच्या आधी गोळा झाकलेला होता. बाई गेल्या हे कोणाला तरी तेव्हाच ठाऊक होतं, आणि त्या माणसाने हाक मारली नाही, घंटा वाजवली नाही. आता मला सांग, आपल्यातलं माणूस गोळा झाकतं, मग आरसा का नाही झाकत? घड्याळ का नाही थांबवत?"

गाडी यायला सव्वातीन तास होते.

४

त्या सकाळी मिरवणुकीत नव्हती अशी तीन माणसं होती.

पहिले बाईंच्या माडीवरचे भाडेकरू हानिश. लढाईनंतर सीमेपलीकडून हाकलले गेलेले, काचेवर नक्षी कोरणारे. ते ओढ्याकाठी नेच्याच्या पानांची चित्रं काढत बसले होते. वहीत सात चित्रं होती, प्रत्येकाखाली वेळ लिहिलेली.

"वेळ कशाला लिहिता हो?" मावशीने विचारलं.

"ऊन सरकतं ना बाई. सावली कुठून पडली ते कोरताना लागतं."

"तुमच्याकडे मरण झालं की गोळ्याचं काय करतात?"

"गोळा?" हानिशनी खांदे उडवले. "खांबावरून काढून गवतात उलटा ठेवतात. झाकतात कशाला? वारा आला की उडतं." मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "पोरी, मी सांगितलंय त्यांना, तू असलं काही करणार नाहीस. पण परक्याचं कोण ऐकतं?"

दुसरा कोर्बिनियन. सणालाही भट्टी विझू देता येत नाही, एक माणूस थांबावाच लागतो. मावशीने त्याला स्वयंपाकघरातच गाठलं. तो उभ्याउभ्या माझ्या हातची राय-धान्याची भाकरी खात होता.

"एकटाच होतास रे?"

"एकटाच. मावशी, तुम्ही मयत धुवायचं सोडून चौकशा का करताय?"

"म्हातारीला गप्पा लागतात. मिरवणूकसुद्धा चुकली असेल तुझी."

"चुकते कशी? भट्टीच्या दारात उभा होतो. विहिरीपाशी वळले, आत्याच्या गोळ्याची तिरीप आली डोळ्यांवर, तशी टोपी काढून क्रूस केला. दर वर्षी तसंच करतो."

"पुण्यवान आहेस," मावशी म्हणाली आणि भाकरीचा तुकडा त्याच्या ताटलीत आणखी ठेवला. मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा धुतलेल्या फळीसारखा कोरा होता.

तिसरी ओटिली.

ती मालकीणबाईंची एकुलती मुलगी. विहिरीच्या खाली एका खोलीत राहायची आणि भट्टीत पेल्यांवर फुलं रंगवायची, कोर्बिनियनच्या हाताखाली. नऊ वर्षांपूर्वी तिने आईच्या मनाविरुद्ध एका लाकूडतोड्याशी लग्न केलं. आईने त्याला दारातून परत पाठवलं. चार महिन्यांनी तो पडत्या झाडाखाली सापडून गेला. त्याच्या दफनाच्या दिवशी ओटिलीने क्रुसावर हात ठेवून सगळ्यांसमोर शपथ घेतली, की या घराचा उंबरा ओलांडणार नाही आणि आईचं तोंड पाहणार नाही, पाहिलं तर डोळे जावोत. बाईंनीही तिथेच म्हटलं, "माझेही जावोत." दोघीही एकाच मातीच्या होत्या.

स्ट्राउब कुरकुरत आमच्याबरोबर आला. ओटिली खिडकी लावून बसली होती. भर उन्हाच्या दिवशी तिने डोक्याला करडा लोकरी रुमाल गुंडाळला होता.

"डोकं दुखतंय सकाळपासून," ती म्हणाली. "कळलंय मला. आई गेली."

"येतेस का बघायला?"

"शपथ आहे."

"मेल्यावरही?"

"शपथेला मरण नसतं, मावशी." तिचे डोळे सुजलेले होते. मग तिने मला पाहिलं आणि नजर खाली घातली. "हिला खरंच नेणार?"

"पाच वाजता," स्ट्राउब म्हणाला.

बुर्गामावशीने सुस्कारा सोडला. "तशी थकलीच होती म्हणा फिलोमेना. खूप उतरली होती."

"हो ना," ओटिली म्हणाली. "ईस्टरपासून तर मान पण सरळ धरवत नव्हती तिला. डाव्या बाजूला कलायची."



बाई दोन वर्षं त्या पलंगावरून उठल्या नव्हत्या. त्यांची मान कशी आहे, हे घरात येणाऱ्या आम्हा दोघाचौघांनाच माहीत होतं. आणखी कोणाला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

बुर्गामावशी म्हणाली, "ओटिली, तुझा चर्चचा काळा रुमाल कुठे आहे गं?"

५

ओटिली आमच्याबरोबर चढ चढून आली. फाटकापाशी थबकली.

"बागेत यायला तर शपथ आड येत नाही," मावशी म्हणाली. "आजवर कधी आली नाही."

स्ट्राउब वैतागला. "मावशी, मला कळेल असं बोला."

"बोलते. आरसा उघडा, घड्याळ चालू, पण गोळा झाकलेला. म्हणजे झाकणारं माणूस आपल्यातलं, पण ते घरात शिरलंच नाही. का नाही शिरलं? उंबरा ओलांडता येत नाही म्हणून. मग घरात न शिरता त्याला मरण कळलं कसं? खिडकीतून डोकावून? पण पाऊल बघ, टाचा घराकडे आहेत. पाठ करून उभं होतं." ती माझ्याकडे वळली. "अफ्रा, दर शनिवारी बाई तुला काय काम सांगायच्या?"

"गोळा व्हिनेगरने पुसायचा," मी म्हणाले. "एक डाग राहिला तरी ओरडायच्या. आणि पलंग खिडकीला असाच तिरका हवा असायचा. आणि रविवारी मोठ्या प्रार्थनेला मला हट्टाने पाठवायच्या. तासभर येऊ नको म्हणायच्या."

आणि मग माझं मलाच कळलं.

दर रविवारी आणि सणाला, गाव चर्चमध्ये नाहीतर मिरवणुकीत असताना मुलगी बागेत यायची, घराकडे पाठ करून गोळ्यासमोर उभी राहायची. आई खिडकीतून गोळ्याकडे पाहायची. दोघींनी एकमेकींचं तोंड कधीच पाहिलं नाही. काचेत पाहिलं.

"कधीपासून?" मावशीने विचारलं.

"सात वर्षं," ओटिली म्हणाली. "ठरवलं नव्हतं. एकदा नुसती फुलं बघायला आले, मान वर केली तर ती गोळ्यात होती. मी हलले नाही. तीही नाही."

"सकाळी काय पाहिलंस?"

ओटिलीने ओठ आवळले. कोर्बिनियन आवाज ऐकून आतून खोलीच्या खिडकीपाशी आला होता. मावशीने वर हात केला आणि काट्यांतून रुमाल सोडवला. मी घाबरून म्हणाले, "मावशी, दफनाच्या आधी?"

"जीव अडकला तर पाप माझं. जिवंत पोरगी अडकलीय, ती आधी सोडवू."

गोळा उघडा पडला. गुलाब, फाटक, आम्ही चौघं, आणि आमच्यामागे घर, खिडकी, खिडकीत पलंग आणि पलंगाशी उभा माणूस. सगळं निळं आणि बोटभर, पण नखाइतकं स्पष्ट.

ओटिली काचेकडे पाहत बोलू लागली. "तो तिथेच उभा होता. असाच. बाहेर त्याने पाहिलंच नाही. ती चिडून काहीतरी म्हणत होती, मग तिने छाती धरली. हात पुढे केला. त्याने बाटली उचलली. मला वाटलं, आता देईल. त्याने ती वर धरली आणि उभा राहिला. नुसता उभा राहिला. ती माझ्याकडे बघत होती, मावशी. गोळ्यात. शेवटपर्यंत माझ्याकडे. आणि मी... मला आवाज फुटला नाही. पाय उचलला नाही. शपथ की भीती, मला आजही सांगता येणार नाही. तो मागच्या दाराने गेला, तेव्हा मी वळले. डोळ्यांनी पाहिलं. ती गेली होती."

"आणि गप्प बसलीस?" मी ओरडले. "मला नेणार होते! पाच वाजता!"

"काय सांगणार होते? की नऊ वर्षं शपथ घेऊन हिंडले आणि दर रविवारी मोडली? की माझ्यासमोर आई मेली आणि मी पाठ करून उभी राहिले?"

खिडकीतून कोर्बिनियन हसला. "ऐकताय काय या वेडीचं? काचेत भुतं दिसतात हिला. उद्या नोटरी येणार होता, घर हिच्या नावावर व्हायचं होतं, ते आता मला मिळणार म्हणून माझ्यावर आळ घेतेय. मी भट्टीवरून हललोच नाही!"

"हो, तू दारात होतास," मावशी म्हणाली. "विहिरीपाशी मिरवणूक वळली तेव्हा तिरीप आली तुझ्या डोळ्यांवर."

"आलीच! दर वर्षी येते!"

"स्ट्राउब, तू छत्राची काठी धरून सगळ्यांत पुढे होतास. या वर्षी किती डोळे दिपले तुझे?"

स्ट्राउबने गोळ्याकडे पाहिलं, मग मावशीच्या हातातल्या रुमालाकडे. तो सावकाश माणूस होता, पण एकदा पोचला की पोचला.

"दिपलेच नाहीत," तो म्हणाला. "पहिल्यांदाच पाद्रीबाबांनी मागून माझी टाच तुडवली नाही." त्याने कोटाची बटणं लावली. "कोर्बिनियन, तू जे पाहिलंस म्हणतोस ते या वर्षी झालंच नाही. होतास कुठे मग तू?"

मागच्या दाराने गेलेल्याला गोळा तेव्हाच, दहाच्या आधी झाकला गेल्याचं कसं कळणार? दर वर्षी जे दिसतं तेच त्याने सांगून टाकलं होतं.

कोर्बिनियनने खिडकीची चौकट धरली. मग अगदी हळू म्हणाला, "मी तिला हात लावला नाही. फक्त दिली नाही बाटली. नुसती दिली नाही."

"आणि ती माझ्या पेटीत?" मी विचारलं. "ती पण नुसतीच गेली?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू मी तिथे असल्याचं त्याला आत्ताच दिसलं.

६

पाच वाजता गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. माझ्या जाड कपड्यांची चवड पायरीवर तशीच होती. मी ती उचलून आत ठेवली आणि पाणी तापवायला घेतलं, कारण बुर्गामावशीचं काम अजून व्हायचं होतं.

आमच्याकडे मयताचं अंग धुणारी बाई धुते, पण तोंड रक्ताच्या माणसाने धुवायचं असतं. रक्ताचं कोणी नसेल तर पाद्रीबाबा ओल्या बोटाने क्रूस काढतात आणि तेवढ्यावर भागवतात. मावशीने टॉवेल ओला केला, पिळला आणि उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. ओटिली बाहेर पायरीवर होती.

"पाद्रीबाबांना बोलावू?" मावशीने विचारलं. तिचा बहिरा कान पुढे होता.

ओटिली उठली. दारात तिने क्षणभर डोळे घट्ट मिटले, आंधळेपणाची सवय करून बघावी तसे. मग उघडले आणि आत आली.

मी परात धरली. तिने आधी कपाळ पुसलं, मग गाल, हनुवटीखालची घडी, कानामागे. घाई केली नाही. मान डावीकडे कलली होती, ती तिने सरळ केली, उशीचा कोपरा दुमडून खाली दिला. मी ईस्टरपासून रोज ती मान सरळ करत होते. मला ते कधी सुचलं नव्हतं.

मग तिने अंगठ्याने आईच्या भुवईवरून हात फिरवला आणि तशीच थांबली.

"पांढऱ्या झाल्या होत्या गं हिच्या भुवया," ती मला म्हणाली. "कधी झाल्या?"

"मी आले तेव्हाच होत्या."

"निळ्या काचेत कळलंच नाही मला."

मावशी म्हणाली, "पाणी गार होतंय." मी परात घेऊन दुसरं आणायला गेले.